रायझन ५ ५६०० टाकला, पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही: बोर्ड बदलायच्या आधी हे करून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. अकोल्यात तुमच्याकडे २०१९ ला घेतलेला बी४५० मदरबोर्ड आहे, त्यावर रायझन ३ २२००जी प्रोसेसर होता, ८-८ जीबीच्या दोन ३२०० च्या रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आणि ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय. आता तुम्ही रायझन ५ ५६०० आणून टाकला, पॉवर दिली की पंखे फिरतात, कॅबिनेटच्या लाईट लागतात, पण मॉनिटर 'नो सिग्नल' म्हणून झोपतो, आणि दुकानदार म्हणतोय बोर्ड उडाला, बी५५० घ्या. सोबत तुम्ही मित्राचंही विचारलंय, त्याने हाच प्रोसेसर टाकला, पीसी चालू झाला पण गेममध्ये अचानक रिस्टार्ट होतो आणि टेंपरेचर ८८-९० ला जातं.

आधी एकच सांगतो, बोर्डावर पैसे घालू नका एवढ्यात. प्रोसेसर काढायच्या आधी जो बोर्ड नीट चालत होता तो अर्ध्या तासात आपोआप मरत नाही. आणि सीलबंद बॉक्समधला नवीन प्रोसेसर मेलेला निघणं तर फारच क्वचित. अपग्रेडनंतरचा फॉल्ट जवळपास नेहमी तुम्ही जे हलवलं त्याच्यातच असतो, म्हणजे बायोसला (बोर्डातलं सगळ्यात आधी चालू होणारं सॉफ्टवेअर) नवीन चिप ओळखू येत नाही, किंवा बसवताना काहीतरी अर्धवट राहिलं, किंवा जुन्या प्रोसेसरसाठी सेव्ह झालेली सेटिंग नव्याला चालत नाहीयेत. या तीन गोष्टी संपेपर्यंत खिशात हात घालायचा नाही. आणि एका वेळी एकच बदल करायचा, दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर चालू झाल्यावरही कळत नाही की नक्की काय होतं, मग चार दिवसांनी परत तेच होतं आणि परत पहिल्यापासून सुरुवात.

पहिलं बघा मॉनिटरची केबल कुठे लावली आहे. २२००जी मध्ये आत वेगा ८ ग्राफिक्स होतं, त्यामुळे बोर्डाच्या मागच्या एचडीएमआयमधूनही डिस्प्ले येऊ शकत होता. ५६०० मध्ये आत ग्राफिक्सच नाही, या पिढीच्या रायझनमध्ये ज्याच्या नावात जी आहे, जसा ५६००जी, त्यातच ते असतं. म्हणजे आता बोर्डावरचं एचडीएमआय पोर्ट नुसतं भोक आहे, केबल खाली आडव्या बसलेल्या १६५० लाच पाहिजे. खूप जणांचा प्रश्न इथेच संपतो, म्हणून पहिला लिहिला. त्याच्या जोडीला प्रोसेसरच्या वरच्या कोपऱ्यातली ४ किंवा ८ पिनची पॉवर केबल बघा. कूलर काढताना हात जात नाही म्हणून ती काढली जाते आणि परत लावायची राहते, आणि ती नसली तरी पंखे फिरतात, लाईट लागतात, त्यामुळे माणसाला वाटतं पॉवर तर आहे.

आता मुख्य संशयित, बायोस. तुमचा बोर्ड २०१९ चा आहे म्हणजे त्यात त्या वेळचा बायोस असणार, आणि ५६०० बाजारात आला एप्रिल २०२२ ला. मे २०२० मध्ये तर एएमडीने आधी सांगितलं होतं की झेन ३ चे प्रोसेसर, म्हणजे ५६०० ज्या पिढीचा आहे ते, ४०० सिरीजच्या (बी४५० वगैरे) बोर्डांवर चालणारच नाहीत, मग लोकांनी इतका आरडाओरडा केला की त्यांना निर्णय फिरवावा लागला आणि त्यानंतर बोर्ड कंपन्यांनी बी४५० साठी नवीन बायोस काढले. सांगायचा मुद्दा असा की सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, तेच एएम४, चिप बसते पण व्यवस्थित, लिव्हर लागतो, तरीही बायोसमध्ये या चिपचा कोड नसेल तर बोर्ड तिच्याशी बोलूच शकत नाही. बोर्डावर सीपीयू नावाची छोटी डीबग लाईट (कुठे अडकलंय ते दाखवणारी) असेल तर ती लागून राहते आणि स्क्रीन काळी. तुमचं वर्णन वाचून मला तरी हेच वाटतंय.

तुमच्याकडे जुना २२००जी अजून आहे असं तुम्ही लिहिलंय, हे फार बरं झालं, तो विकू नका. नवीन प्रोसेसर पंधरा-वीस दिवस नीट चालेपर्यंत जुना कुणीच विकू नये असं माझं मत आहे, कारण टेस्टिंगसाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही. तो परत बसवा आणि चालू करा. चालू झाला तर दोन गोष्टी एका फटक्यात कळल्या, बोर्ड जिवंत आहे आणि रॅम, कार्ड, एसएमपीएस सगळं ठीक आहे. मग विंडोजमध्ये स्टार्टला जाऊन सिस्टीम इन्फर्मेशन उघडा, तिथे बायोसची आवृत्ती आणि तारीख दिसते, ती लिहून घ्या. बोर्ड कंपनीच्या साईटवर तुमच्याच मॉडेलच्या पानावर सपोर्टमध्ये सीपीयूची यादी असते, त्यात ५६०० समोर कुठल्या आवृत्तीपासून चालतो ते दिलेलं असतं. यादीत ५६०० आणि ५६००एक्स वेगवेगळे बघा, ५६००एक्स नोव्हेंबर २०२० चा, हा दीड वर्षाने आलेला, त्यामुळे याच्यासमोर जरा नंतरची आवृत्ती लिहिलेली असू शकते.

मॉडेल बघताना घाई नको. एकाच नावाच्या बोर्डाचे दोन-दोन रिव्हिजन असतात आणि त्यांचे बायोस वेगळे असतात, रिव्हिजन बोर्डाच्या कोपऱ्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, मोबाईलचा टॉर्च लावून बघा. बिल किंवा बॉक्सवरून अंदाजाने फाईल घेऊ नका. दुसरं म्हणजे बायोसच्या पानावर प्रत्येक आवृत्तीखाली दोन ओळी लिहिलेल्या असतात त्या खरंच वाचा, काही बोर्डांवर खूप जुन्या आवृत्तीवरून एकदम शेवटच्यावर जाता येत नाही, आधी मधली एक टाकावी लागते, आणि काही ठिकाणी नवीन बायोसमध्ये जुन्या ए-सिरीज चिपचा सपोर्ट काढलेला असतो, कारण त्या बोर्डांवरची बायोसची चिप १६ एमबीची आहे, सगळं मावत नाही. तुमच्या २२००जी ला सहसा अडचण येत नाही पण वाचून घ्या. बीटा लिहिलेली सोडून शेवटची स्टेबल आवृत्ती घ्या. मे २०२२ नंतरच्या, म्हणजे एजेसा (बायोसमधला एएमडीचा मूळ कोड) १.२.०.७ किंवा पुढच्या आवृत्तीचा अजून एक फायदा आहे, टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या ठेवणारी सोय) चालू असताना काही रायझन मशीन मधेच क्षणभर अडकायच्या, आवाज फाटायचा, तो प्रॉब्लेम एएमडीने त्यात दुरुस्त केला.

फ्लॅश करायची, म्हणजे नवीन बायोस टाकायची, पद्धत सांगतो, पण त्याआधी खाली लिहिलेलं बिटलॉकरचं वाचून घ्या. ३२ जीबी किंवा त्याहून लहान पेनड्राईव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, झिप उघडून आतली बायोसची फाईल थेट रूटमध्ये टाका, फोल्डरमध्ये नाही. रिस्टार्ट करून डिलीट दाबत बायोसमध्ये जा आणि तिथलंच फ्लॅशचं टूल वापरा, विंडोजमधून चालणारी अपडेटची सॉफ्टवेअर असतात ती मी कधीच वापरत नाही, मधे विंडोज अडकलं की बायोस अर्धवट. तीन ते पाच मिनिटं लागतात, मशीन मधे एक-दोनदा आपोआप रिस्टार्ट होऊ शकते, तेव्हा बटणाला हात लावायचा नाही. आणि लाईटचं बघून करा. यूपीएस असेल तर त्यावर, नसेल तर ज्या वेळेला तुमच्याकडे लाईट जात नाही अशी वेळ निवडा, पावसाळ्यात ढग भरून आलेले असताना तर अजिबात नको. अर्ध्यात लाईट गेली तर मात्र दुकानदार म्हणतो ते खरं होईल.

ज्यांच्याकडे जुना प्रोसेसर उरलेला नाही त्यांनी बोर्डाच्या मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं छोटं बटण आहे का बघावं. ते असेल तर प्रोसेसर न ओळखताही फक्त एसएमपीएसच्या पॉवरवर बायोस टाकता येतो, फाईलला मॅन्युअलमध्ये दिलेलं नावच द्यावं लागतं, एक अक्षर इकडेतिकडे झालं तरी ती उचलत नाही, आणि पेनड्राईव्ह त्या ठराविक पोर्टलाच. बटण नसेल तर ओळखीच्या कुणाकडून जुना रायझन तासाभरासाठी मागून आणा, किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत नाहीतर तुमच्या शहरातल्या रिपेअरिंगवाल्याकडे बोर्ड घेऊन जा, बायोस टाकून द्यायचे थोडेफार पैसे लागतील पण बोर्डापेक्षा ते काहीच नाहीत.

आता बसवण्याचं. प्रोसेसर दोन-तीनदा काढ-घाल होणार आहे म्हणून हे जरा सविस्तर सांगतो, एएम४ मध्ये खरं नुकसान इथे होतं. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, १३३१ पिना, आणि वरून धरून ठेवणारी पत्र्याची फ्रेम नसते. जुनी पेस्ट वाळून सिमेंटसारखी झालेली असते, आणि कूलर सरळ वर ओढला की लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, आणि येताना दहा-वीस पिना वाकवून येतो. म्हणून आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवा, काहीतरी लोड द्या, पेस्ट गरम होऊन मऊ पडते. मग बंद करून, वायर काढून, स्क्रू सोडवून कूलर वर न ओढता आधी डावीकडे-उजवीकडे हलका पिळायचा, अगदी थोडा, दोन-चार वेळा. पकड सुटल्याचं हाताला कळतं, मग एका बाजूने तिरका करून उचलायचा. तरी प्रोसेसर चिकटून आलाच तर चाकू-पाना घालू नका, प्रोसेसरच्या कडेने दाताचा फ्लॉस किंवा पातळ मजबूत दोरा पेस्टमधून फिरवला की सुटतो.

प्रोसेसर हातात आला की उलटा करून उजेडात तिरका धरा आणि पिनांच्या रांगांकडे कडेने बघा, सरळ रांगेत एखादी पिन वाकलेली असेल तर लगेच नजरेत भरते. नवीन ५६०० सुद्धा असाच बघा, पहिल्यांदा बसवताना जोर दिला असेल तर. वाकलेली पिन सरळ करायला लीड काढलेली ०.५ किंवा ०.७ ची पेन्सिल घ्या, तिचं पोकळ टोक पिनवर घालून हळू सरळ करायचं, नाहीतर दोन रांगांच्या मधून एटीएम कार्डची कड फिरवायची. एका दमात सरळ करू नका, दोन-तीन टप्प्यात करा, पिन तुटली की गेली. बसवताना लिव्हर पूर्ण वर, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाला जुळवायचा आणि नुसता ठेवायचा. स्वतःच्या वजनाने तो खाली बसतो. बसत नसेल तर काहीतरी वाकलंय, दाबायचं नाही, परत काढून बघायचं. बसला की बोटाने हलकंच धरून लिव्हर खाली. पेस्ट जुनी दोन्हीकडची आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा, नवीन वाटाण्याएवढी मधोमध.

५६०० च्या बॉक्समधल्या कूलरचं एक आहे, तो चार स्क्रूवाला असतो आणि तो लावायला बोर्डावरचे प्लॅस्टिकचे दोन ब्रॅकेट काढावे लागतात. ते ब्रॅकेट काढले की बोर्डाच्या मागची बॅकप्लेट सुटी होऊन कॅबिनेटमध्ये मागे पडते आणि मग स्क्रू कशात जातायत तेच कळत नाही, लोक जोर लावत बसतात. कॅबिनेटचं मागचं पान उघडून एका हाताने प्लेट धरा. चारही स्क्रू तिरके-तिरके, आधी सगळे दोन-दोन आटे, मग परत सगळे, एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे जाऊ नका. एका बाजूला जास्त दाब पडला तर कूलर तिरका बसतो, कधीकधी त्यामुळे एक रॅम दिसेनाशी होते आणि माणूस रॅमला दोष देत बसतो. पंख्याची वायर सीपीयू फॅन लिहिलेल्या पिनांवरच.

बायोस नवीन झाला, ५६०० नीट बसला, आता चालू करायच्या आधी सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसची सेव्ह झालेली सेटिंग पुसा. एसएमपीएसचं बटण बंद, वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, बोर्डावरचा गोल सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा किंवा मॅन्युअलमधला जंपर जोडा. बोर्ड इतका जुना आहे तर सेल नवीनच टाका, किराणा दुकानातही मिळतो. हे कशासाठी, तर २२००जी साठीची रॅमची एक्सएमपी (रॅम पूर्ण स्पीडला चालवणारी) सेटिंग, व्होल्टेज वगैरे आत सेव्ह असतं ते नवीन चिपवर चालायला बघतं आणि अडकतं. पहिल्यांदा एकच रॅम लावा, प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये. चालू केलं की लगेच स्क्रीनची अपेक्षा करू नका, नवीन प्रोसेसर बघितल्यावर बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, त्यात मिनिट-दोन मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, एक-दोनदा आपोआप बंद-चालूही होतं. लोक इथेच घाबरून बटण दाबतात आणि ते परत पहिल्यापासून सुरू होतं. मी पाच मिनिटं थांबतो, मगच बंद करतो. ज्यांनी एएम५ आणि डीडीआर५ घेतलंय त्यांना तर पहिल्या वेळेला याहून जास्त थांबावं लागू शकतं.

तरी नाही आलं तर डीबग लाईट काय सांगते ते बघा. सीपीयूवर अडकली तर बायोस, पिना, ८ पिनची केबल या क्रमाने परत. डीरॅमवर अडकली तर दुसरी रॅम, दुसरा स्लॉट, रॅमचे कॉन्टॅक्ट साध्या खोडरबरने पुसून. व्हीजीएवर अडकली तर कार्ड काढून परत बसवा, त्याला जादा पॉवरची केबल असेल तर ती बघा. लाईट नसलेल्या बोर्डावर छोटा स्पीकर मिळतो तो पॅनेलच्या पिनांवर लावा, बीपवरून तेच कळतं.

डिस्प्ले आला की पहिल्याच स्क्रीनवर इंग्रजीत एक मेसेज यायची दाट शक्यता आहे, नवीन सीपीयू लावला आहे, एफटीपीएमचा (प्रोसेसरच्या आतल्या टीपीएमचा) डेटा बदलला आहे, रीसेट करायला वाय दाबा, जुना ठेवायला एन दाबा. इथे न वाचता वाय दाबून पुढे जाणारे पुष्कळ आहेत आणि ज्यांची ड्राईव्ह बिटलॉकरने (विंडोजचं ड्राईव्ह लॉक करणारं एन्क्रिप्शन) लॉक आहे त्यांना पुढच्याच स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डेटा गेला, सांगूनसवरून गेला, कुठलाही रिपेअरवाला तो काढून देऊ शकत नाही. आणि 'मी बिटलॉकर कधी लावलंच नाही' हे पुरेसं नाही, विंडोज ११ ची २४एच२ नव्याने टाकताना मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं तर बऱ्याच मशीनवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, होम आवृत्तीतसुद्धा. म्हणून हे जुना प्रोसेसर लावलेला असतानाच, बायोस फ्लॅश करायच्याही आधी बघायचं, सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन शोधा, चालू असेल तर बंद करून डिक्रिप्शन पूर्ण होऊ द्या, किंवा प्रो असेल तर बिटलॉकर सस्पेंड करा, आणि अकाउंटच्या पानावरून रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. पीसीत ठेवू नका, पीसीच तर बंद असणार आहे. काहीच लॉक नसेल तर बिनधास्त वाय दाबा. लॉगिनचा पिन चालेनासा होऊ शकतो, अकाउंटचा पासवर्ड आठवत असला म्हणजे झालं.

पुढची पायरी विंडोज. 'बूट डिव्हाइस नाही' असा मेसेज आला तर हार्डडिस्क गेली असं समजू नका, बायोस अपडेट आणि सीमॉस क्लिअरने सगळी सेटिंग फॅक्टरीची झालेली असतात. जुनं विंडोज लेगसी पद्धतीने टाकलेलं असेल आणि नवीन बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सेटिंग) बंद असेल तर त्याला ते दिसतच नाही, सीएसएम चालू केलं की दिसतं. निळी स्क्रीन येऊन बूट डिव्हाइस अॅक्सेस होत नाही असं म्हणत असेल तर साटाचा मोड आधी काय होता ते बघा, एएचसीआय की रेड. विंडोज नव्याने टाकायची गरज सहसा पडत नाही, बोर्ड तोच आहे, अॅक्टिव्हेशनही बहुतेक टिकतं. फक्त एएमडीच्या साईटवरून नवीन चिपसेट ड्रायव्हर टाका. व्हर्च्युअलबॉक्स किंवा अँड्रॉइडचे एम्युलेटर वापरत असाल आणि ते अचानक चालेनासे झाले तर बायोसमध्ये एसव्हीएम मोड बंद झालाय, तो चालू करा. दोन-चार दिवस नीट चाललं की दुसरी रॅम चौथ्या स्लॉटमध्ये लावा आणि मगच एक्सएमपी चालू करा. ५६०० ला ३२०० अधिकृतपणे चालतं, त्यामुळे तुमच्या रॅमला अडचण यायला नको.

आता मित्राचं. टेंपरेचर आणि रिस्टार्ट हे दोन वेगळे प्रॉब्लेम समजून चाला, एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. या चिपची मर्यादा ९० अंश आहे, ती गाठली की प्रोसेसर स्वतःच स्पीड कमी करतो, एवढ्याने रिस्टार्ट होत नाही. काही न करता ४० वरून एकदम ५५ ला उडी मारून परत खाली येणं हे झेन ३ चं नेहमीचं आहे, त्याकडे लक्ष देऊ नका. पण गेममध्ये ८८-९० म्हणजे आधी कूलरचे स्क्रू आणि पेस्ट परत बघा, वेगळा कूलर घेतला असेल तर खालची प्लॅस्टिकची पारदर्शक फिल्म काढली का बघा. ते सगळं ठीक असेल तर मग अकोल्याचा मे महिना. बाहेर ४४-४५ आणि बंद खोलीत ३६-३८ असताना बॉक्सच्या छोट्या कूलरकडून याहून जास्त होणार नाही, खोलीचं टेंपरेचर वाढलं तेवढंच प्रोसेसरचंही वाढतं. कॅबिनेटचं बाजूचं पान काढून चालवून बघा, पाच-सात अंश कमी झालं तर हवा खेळत नाहीये, मागे एक पंखा लावा. नाहीतर बायोसमध्ये इको मोड शोधून ६५ वॅटवरून ४५ वॅटवर आणा, गेममध्ये फरक जाणवतसुद्धा नाही आणि टेंपरेचर चांगलं उतरतं. उन्हाळ्यापुरतं तरी हे करावंच, विदर्भात राहणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो.

रिस्टार्टसाठी इव्हेंट व्ह्यूअर उघडायचा, सिस्टीममध्ये त्या वेळेच्या नोंदी बघायच्या. कर्नल-पॉवर ४१ दिसेल, त्यावरून काही ठरवू नका, ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडली. तिच्या आसपास व्हिया-लॉगरची (WHEA-Logger) १८ नंबरची नोंद आहे का ते बघायचं. ती असेल तर प्रोसेसरने स्वतः हार्डवेअरची चूक कळवली आहे. मग सगळं डिफॉल्टवर आणा, एक्सएमपी बंद, पीबीओ (एएमडीचं आपोआप ओव्हरक्लॉकिंग) बंद, कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (व्होल्टेज कमी करायची सेटिंग) कुठल्या व्हिडिओत बघून उणे ३० वगैरे टाकलं असेल तर ते आधी काढा, हे फार दिसायला लागलंय हल्ली, प्रत्येक चिपला ते झेपत नाही. डिफॉल्टवर दोन दिवस रिस्टार्ट झाला नाही तर एक-एक परत चालू करत जा, रॅमवर संशय असेल तर मेमटेस्ट८६ चे चार पास रात्रभर लावून ठेवा, एकही एरर आली तरी ती सेटिंग किंवा ती स्टिक बाद.

आणि नोंद नुसती ४१ ची असेल, व्हिया नसेल, आणि कार्डवर लोड आला की बंद होत असेल तर एसएमपीएस. प्रोसेसर एकटा फुल लोडला ७६ वॅटपर्यंतच घेतो, जास्त नाही, पण कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४५० लिहिलेलं असलं तरी तो तेवढे देतोच असं नाही, विशेषतः पाच वर्षं धूळ खाल्ल्यावर. कुणाचा तरी चांगल्या कंपनीचा ८० प्लस रेटिंगवाला एसएमपीएस आणून एक संध्याकाळ लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्डही बदलून बघा, ज्यावर कूलर आणि इस्त्री लागते त्यावर पीसी नको.

एक अपेक्षा आत्ताच स्पष्ट करतो, म्हणजे चालू झाल्यावर परत फॉल्ट शोधत बसणार नाही. गेममध्ये टास्क मॅनेजर किंवा ओव्हरलेवर कार्ड ९५-१०० टक्के दिसत असेल तर फ्रेम्स १६५० ने अडवल्या आहेत, प्रोसेसर कितीही भारी टाका त्या वाढणार नाहीत, फक्त मधेमधे बसणारे झटके कमी होतील. प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालतोय का हे बघायला सिनेबेंच आर२३ हे टेस्टचं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवा, ५६०० ला मल्टी कोअरमध्ये साधारण १०,५०० ते ११,००० यायला पाहिजे. सात-आठ हजारच येत असेल तर टेंपरेचरने स्पीड पडतोय किंवा विंडोज पॉवर सेव्हरवर आहे.

इंटेलवाल्यांसाठी दोनच वाक्यं, कारण त्यांचेही असेच प्रश्न येतात. तिथे पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात आणि मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघितल्याशिवाय वाकलेली दिसत नाही, आणि १३ व्या-१४ व्या जनरेशनचा मोठा प्रोसेसर टाकणार असाल तर आधी बायोस अपडेट करा, जास्त व्होल्टेजने चिप हळूहळू खराब होण्याचा जो प्रकार झाला त्याचे मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या) इंटेलने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दिले, ते बायोसमध्ये असलेच पाहिजेत.

एवढं सगळं करूनही तुमचा ५६०० चालू झाला नाही आणि त्याच बोर्डावर २२००जी लगेच चालू होत असेल, बायोस यादीप्रमाणे बरोबर असेल, तर मग प्रोसेसर दुसऱ्या चालू बी५५० वर लावून बघा, ज्या दुकानाने बोर्ड विकायला काढला त्यांच्याकडेच त्यांच्या समोर लावायला सांगा, त्यांच्याकडे असतोच. तिथेही नाही चालला तर तो बदलून मागा. बॉक्समधल्या रायझनला तीन वर्षांची वॉरंटी असते, पण त्याला जीएसटीचं बिल, बॉक्सवरचा सिरीयल नंबर आणि चिपवर कोरलेला नंबर जुळावा लागतो, म्हणून पेस्ट लावायच्या आधी चिपच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा, पिनांच्या बाजूचा खासकरून, कारण पिन वाकलेली दिसली की क्लेम नाकारतात आणि ती तुमच्याकडून वाकली की त्यांच्याकडे नेल्यावर, याचा तुमच्याकडे तोच एक पुरावा.